मदत हवी आहे: बाबांना एलिस आयलंड दाखवायचंय, फेरीचं नक्की कुठलं तिकीट काढू?

मानसी_प
प्लीज लवकर सांगा, उद्यापर्यंत तिकिटं काढायची आहेत. आईबाबा सांगलीहून आलेत आणि बाबांना एलिस आयलंड बघायचंय, न्यूयॉर्कच्या बंदरातलं ते बेट जिथे पूर्वी बोटीने येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची. साइटवर जनरल, पेडेस्टल (स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा), क्राउन (तिचा मुकुट), हार्ड हॅट असं काय काय दिसतंय, पण नुसत्या एलिसचं तिकीटच सापडत नाहीये. वर मॅनहॅटनच्या बॅटरी पार्कहून निघणार की न्यू जर्सीच्या लिबर्टी स्टेट पार्कहून, असंही विचारतात. सुट्टीच्या गुरुवारी जायचं ठरलंय. बाबांचा गुडघा दुखतो. काय घेऊ?

हडसनकाठ
कुठला गुरुवार? राहता कुठे? गाडी आहे का? आणि गुडघा म्हणजे काठी घेऊन चालतात की व्हीलचेअर लागते? हे कळल्याशिवाय कुणीच नीट सांगू शकणार नाही.

सदाफुली
क्राउनच घ्या! आम्ही मुलांना घेऊन वरपर्यंत गेलो होतो. मुकुटातल्या त्या छोट्या खिडक्यांतून बंदर बघायचं म्हणजे काय सांगू! तिकिटं मात्र खूप आधी संपतात.

हडसनकाठ
सदाफुली, त्यांनी गुडघा लिहिलाय हो. पेडेस्टलपासून मुकुटापर्यंत 162 पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल गोल.

मुक्तछंद
कशाला पैसे घालवता? स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे. पुतळा मस्त दिसतो, फोटो येतात, तासाभरात मोकळे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तीच दाखवतो.

हडसनकाठ
ती फेरी ना पुतळ्याच्या लिबर्टी बेटाला थांबते ना एलिसला. लांबून बघून पुढे जाते. त्यांना बेटावर उतरायचंय.

मुक्तछंद
म्हाताऱ्या माणसांना उतरवून काय करणार? सिक्युरिटीच्या रांगेतच त्यांचा जीव जातो. मी अनुभवाचं सांगतोय.

मानसी_प
सगळे पुतळ्याचंच काय सांगताय? बाबांना पुतळा नकोच आहे, त्यांना एलिसच बघायचंय. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, गाडी आहे. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. बाबा काठीशिवाय चालतात, पण जिने आणि फार वेळ उभं राहणं जमत नाही.

हडसनकाठ
मग सगळंच बदललं. थँक्सगिव्हिंगला बेटं बंद असतात. वर्षातून दोनच दिवस बंद, तो आणि 25 डिसेंबर. शुक्रवारी जाऊ नका, आख्खं गाव सुट्टीवर असतं. बुधवारी सकाळची पहिली फेरी धरा.
एडिसनहून मॅनहॅटनला जायचं कारणच नाही. गाडीने सरळ लिबर्टी स्टेट पार्कला या, पैसे देऊन पार्किंग मिळतं. लाइट रेलने आलात तर स्टेशनपासून बरंच चालावं लागतं, गुडघ्याला ते नको. फेरी जुन्या रेल्वे टर्मिनलजवळून सुटते. एलिसवरून सुटलेले हजारो लोक इथूनच गाड्या पकडून देशभर गेले, बाबांना तेही दाखवा.
तिकीट जनरलच घ्या. त्यात दोन्ही बेटं आणि ऑडिओ गाइड येतं, म्हणूनच एलिसचं वेगळं दिसत नाही. पुतळ्याच्या बेटावर नाही उतरलात तरी चालतं. म्युझियममध्ये लिफ्ट आहे. बॅटरीकडून कधी गेलात तर रस्त्यात तिकिटं विकणाऱ्यांकडून घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच बोटी नुसत्या चक्कर मारून आणतात.

कुतूहल
जर्सीकडून एलिसला पूल आहे ना? गाडीनेच का जात नाही?

हडसनकाठ
पूल आहे, पण तो कामासाठी बांधलेला. लोकांना बंद.

खाडीकिनारा
आपल्या लोकांचा इतिहास बघायचा असेल तर एलिसपेक्षा सॅन फ्रान्सिस्कोजवळचं एंजल आयलंड बघा. 1910 ते 1940 तिथे स्थलांतरितांच्या तपासणीचं स्टेशन होतं. चिनी लोकांनी बराकीच्या भिंतींवर कविता कोरल्यात. पेशावरचे वैष्णो दास बगाई बायकोमुलांना घेऊन 1915 मध्ये तिथेच उतरले. टिब्युरॉनहून फेरी मिळते.

मानसी_प
आम्ही न्यू जर्सीत आहोत हो!

जुनीपाने
एलिसवर गेलात की नावांचा विषय निघेलच. तिथल्या अधिकाऱ्यांनी लोकांची नावं बदलली, आमच्या ऑफिसातल्या एका इटालियन माणसाच्या आजोबांचंही बदललं.

दप्तर
ही दंतकथा आहे. नावं जहाजाच्या यादीत आधीच लिहिलेली असायची, जहाज सुटायचं त्या बंदरावर. एलिसवर ती यादी समोर ठेवून पडताळणी व्हायची. बहुतेकांनी नावं नंतर स्वतःच बदलली.

जुनीपाने
घरोघरी सांगतात ते सगळं खोटं?

दप्तर
सांगतात ते मनापासूनच, पण कागद वेगळं सांगतात. याद्या आता कॉम्प्युटरवर फुकट शोधता येतात, खलाशांच्या सुद्धा. कोकणातलं, गोव्यातलं कुणी आगबोटीवर कामाला असेल तर नाव टाकून बघा.

रोझेलकर
मराठी माणसाने बॅटरी पार्कही चुकवू नये. फेरीची तिकीटखिडकी ज्या जुन्या गोल किल्ल्यात आहे, तिथे एलिसच्या आधी, 1855 ते 1890, स्थलांतरितांचं केंद्र होतं. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा एलिसचं स्टेशन नव्हतंच, ते 1892 मध्ये उघडलं. त्यांना आधार देणाऱ्या अमेरिकन कार्पेंटर मावशींनी त्यांना आपल्या घरी रोझेलला नेलं. ते न्यू जर्सीतच, एडिसनहून फार लांब नाही. आनंदीबाईंच्या अस्थी मात्र न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला आहेत.

हडसनकाठ
मानसी, एक विचारायचं राहिलं. बाबांना एलिसच का बघायचंय? त्यावर हार्ड हॅटचं ठरेल.

मानसी_प
बाबा मुंबई बंदरात आरोग्य खात्यात होते. जहाजावर चढून माणसं तपासायचे. एलिसवर डॉक्टर कसे तपासायचे ते त्यांना बघायचंय.

हडसनकाठ
अहो, हे आधी सांगायचं ना! मग वरच्या मोठ्या हॉलमध्ये त्यांना निवांत वेळ द्या. लोक सामान घेऊन जिना चढायचे आणि डॉक्टर वरून बघत असायचे: कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय. एकेका माणसाला काही सेकंद. शंका आली की कोटावर खडूने अक्षर, हृदयासाठी एच, डोळ्यांसाठी ई. बुटाची बटणं लावायच्या आकड्याने पापणी उलटी करून खुपऱ्या बघायचे. आणि हे सगळं तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना. पहिल्या-दुसऱ्या वर्गाची तपासणी जहाजावरच उरकायची. बाबा करत होते तसं काम तेच.
हार्ड हॅट म्हणजे दक्षिणेकडच्या जुन्या हॉस्पिटलची टूर. दुरुस्ती न झालेल्या इमारती, ओबडधोबड जमीन, सुमारे दीड तास उभ्याने. त्यांच्यासाठी तीच खरी, पण गुडघ्याला जड आहे.

मुक्तछंद
बंदरावरचे असतील तर न्याच बुवा. फक्त सकाळी लवकर निघा. आणि नोव्हेंबरात डेकवर वारा झोंबतो, कानटोपी घ्या.

मानसी_प
बाबांना दाखवलं. म्हणाले, हार्ड हॅटच घे, दुखला गुडघा तर दुखू दे. आई जनरलवर म्युझियममध्ये बसेल. बुधवारची पहिली फेरी, लिबर्टी स्टेट पार्कहून. आत्ता काढते.

कुतूहल
बुधवारी आम्हीही येऊ का? पाच वर्षांच्या मुलाला हार्ड हॅटला घेतात का?