सतराव्या शतकातील कोरीव व्यक्तिचित्रांत करडी छटा येते कुठून?

प्रश्न
फ्रेंच कोरक रोबेर नांतेय (१६२३–१६७८) याने चौदाव्या लुईची आणि त्याच्या दरबारातील मानकऱ्यांची तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली व्यक्तिचित्रे मी सध्या संगणकावर मोठी करून पाहत आहे. शाई एकच, तीही काळी. तरीही गाल मऊ दिसतो, चिलखत गार वाटते आणि रेशीम झळाळते. हे साधते कसे? शिवाय बहुतेक चित्रांत तोच लंबगोल आणि तेच अर्धे धड असते. यामागे काही हिशेब आहे, की निव्वळ सवय?

प्रतिसाद १
करडी छटा तेथे नाहीच. आहे तो कोरा कागद आणि त्यावरील रेषांची दाटी. कोरणी तळहाताच्या जोराने पुढे ढकलली जाते. जोर वाढला की शाई धरणारी खाच खोल व रुंद होते, कमी झाला की रेषा केसासारखी निमुळती होत विरते, आणि वळण हवे असेल तेव्हा चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच फिरवला जातो. नांतेय चेहऱ्यावर लांब रेषा सहसा टाळतो. तेथे तुटक, आखूड फटकारे आणि ठिपके आहेत, म्हणून कातडी कातडीसारखी दिसते. वस्त्रावर मात्र रेषा चुणीबरोबर वळते. त्याच काळातील फ्रेंच कोरक क्लोद मेलाँ याने तर रेषेवर रेषा छेदणेच बहुतांशी टाळले. १६४९ च्या त्याच्या प्रसिद्ध मुद्राचित्रात येशूचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघून गरगर फिरत जाणाऱ्या एकाच रेषेने, केवळ तिच्या जाड-बारीक होण्यातून, उभा राहिला आहे.

प्रतिसाद २
मांडणीबद्दल थोडे. तो लंबगोल म्हणजे दगडी खिडकीच समजा. खाली चौथरा, त्यावर नाव, पदव्या आणि कुलचिन्ह. म्हणजे माणसाचा दर्जा सांगण्याचे काम अक्षरांकडे गेले आणि चेहरा त्या ओझ्यातून सुटला. पार्श्वभूमीही सपाट नसते: गालाच्या उजळ बाजूमागे ती अनेकदा गडद आणि सावलीतल्या बाजूमागे किंचित फिकट ठेवलेली असते, त्यामुळे डोके कागदातून पुढे येते. याउलट कोरक प्येर-अँबेर द्रव्हे याने चित्रकार रिगोच्या रंगचित्रावरून १७२३ मध्ये कोरलेले बिशप बोस्युएचे पूर्णाकृती चित्र पाहावे. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने लेस, फर आणि रेशीम ज्या सफाईने वेगवेगळे दाखवले, ती थक्क करते. पण माझी नजर तेथे लेसवरच रेंगाळते, चेहऱ्यावर उशिरा जाते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. डोळ्यातील चमक मोठी करून पाहिली: तेथे काहीच कोरलेले नाही, बुबुळाच्या दाट रेषांत तेवढा एक ठिपका कोरा सोडला आहे. आणखी एक शंका: दुसऱ्या एका कोरकाच्या चित्रात सरदाराची तलवार उजव्या कमरेला दिसते. तो डावखुरा होता का?

प्रतिसाद १
बहुधा नाही. पत्र्यावरील आकृती कागदावर उलटी उतरते. मूळ रंगचित्र जसेच्या तसे पत्र्यावर कोरले, तर छाप आरशातल्यासारखी येते. तलवार दुसऱ्या कमरेला जाते आणि डावीकडून येणारा प्रकाश उजवीकडून येऊ लागतो. सावध कोरक रेखाटन आधीच उलटे करून घेत. बटणपट्टी आणि छातीवरील मानचिन्हही तपासा. तीही बाजू बदललेली असतील, तर चित्र उलटे छापले गेले आहे असे समजावे.