ब्ल्यू कार्डावरून जर्मनीची पीआर : बेरोजगार भत्त्याचे महिने धरतात का?

गार्गी, म्युनिक
नमस्कार. मला ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना, मिळून 26 महिने झाले असून जर्मन भाषेची माझी फक्त ए1, म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीची, परीक्षा झाली आहे. मध्यंतरी कंपनीने माणसे कमी केली, तेव्हा मी दोन महिने बेरोजगार भत्त्यावर होते. मात्र पेन्शन विम्याच्या उताऱ्यात त्या महिन्यांचीही वर्गणी जमा दिसते. मग पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, लागणारे 27 महिने पुढच्या महिन्यात पुरे होतात असे धरून अर्ज करावा का? वडिलांच्या आजारपणामुळे त्यानंतर मला आठ महिने साताऱ्याला राहावे लागणार आहे, म्हणून घाई आहे.

सुहास, स्टुटगार्ट
गार्गीताई, उताऱ्यातील त्या ओळींपुढचा शेरा वाचा. तेथे ‘आर्बाइट्सलोझिश्काइट’, म्हणजे बेरोजगारी, असे लिहिलेले असेल. कायद्याला ब्ल्यू कार्डाच्या पात्रतेची नोकरी आणि त्याच काळातील वर्गणी अशा दोन्ही गोष्टी लागतात, त्यामुळे तुमचे महिने 24च भरतात. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, एवढे खरे. ए1वर आणखी तीन महिने थांबावे लागेल. बी1, म्हणजे मध्यम पातळीची परीक्षा, झालेली असेल तर 21 महिने पुरतात, म्हणजे तुम्ही आजच पात्र ठरला असता.

मेधा, फ्रँकफर्ट
हिशेब बरोबर आहे, पण माझ्या मते खरी अडचण साताऱ्याची आहे. ब्ल्यू कार्ड असताना 12 महिने बाहेर राहता येते. पीआर मिळाली की ही मुदत साधारणपणे सहा महिन्यांवर येते आणि ती ओलांडली तर परवाना आपोआप रद्द होतो. पुष्कळांना हे उलटे वाटते. जास्त मुदत हवी असेल तर ती परदेशी नागरिक कार्यालयाकडून निघण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावी. पीआरसाठी लागणारी ‘लेबन इन डॉइचलांड’ ही जर्मनीतील कायदा आणि समाजाविषयीची चाचणीही राहिली असेल, तर आताच तारीख घ्या. पीआरसाठी 33 पैकी 15 उत्तरे बरोबर आली की झाले, आणि प्रश्नसंच आधीच उघड असल्याने दोन-तीन रविवार पुरतात.

गार्गी
शेरा अगदी तोच निघाला, दोन्ही ओळींपुढे. सध्या बिनपगारी रजेबद्दल कंपनीशी बोलते आहे, कारण वडिलांची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येणार नाही. चाचणी मात्र जाण्यापूर्वी देऊन ठेवते आणि अर्ज परतल्यावर, उरलेले तीन महिने भरून करीन.