सातवीच्या पोरांना हे वाचायला द्यायचं?

मखमलाबादी मास्तर
पालकांच्या एका गटावर काल ही पोस्ट फिरत होती: "सुट्टीतल्या वाचन उपक्रमात माझ्या सातवीतल्या मुलीला जी कादंबरी दिली, तिच्यात द्राक्षबागायतदार बाप कर्जापायी जीव देतो. शेवटी मुलगा सावकाराच्या पोराला माफसुद्धा करत नाही. यातून काय संस्कार होणार? बोधपर, आनंदी पुस्तकं द्या." खाली अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून इथे लिहितोय.

अहो, जिल्हा कुठला आपला? निफाड, दिंडोरी काय परदेशात आहे? आणि ज्या 'श्यामची आई'च्या प्रती आपण बक्षीस समारंभात वाटतो, ती १९३३ साली इथल्याच, नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. ४२ रात्री आहेत त्यात. कर्ज आहे, घरात शिरून आईला वाट्टेल ते बोलणारा सावकाराचा माणूस आहे, शेवटी आईचं मरण आहे आणि श्याम वेळेवर पोचतही नाही. ते चालतं. का, तर जुनं झालं म्हणून?

वीस वर्षं मराठी शिकवतोय. अशीच एक गोष्ट वर्गात वाचत होतो, बाप गेलेल्या मुलाची. मागच्या बाकावरचा एक जण, वर्षभर तोंड न उघडणारा, त्याला विचारलं, "हा मुलगा रडत का नाही रे?" तर म्हणाला, "सर, घरात पाहुणे असले की रडता येत नाही." खाली मान घालून शाईचं टोपण चावत बसला. मी बोध सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

सातवीची आई
पोस्ट माझीच आहे. माझं नाव न घेता माझीच शिकवणी घेतलीत, आभारी आहे.

तुमच्या वर्गातलं पोर वेगळं, सर. माझी लेक रात्री दीड वाजता उठून हॉलमध्ये आली आणि बाबांना विचारते, "आपल्यावर होमलोन किती आहे?" आकडा ऐकल्याशिवाय झोपेना. इंदिरानगरातल्या दोन खोल्यांचं लोन हो! आता रोज बाबांना यायला उशीर झाला की गॅलरीत उभी. हा बोध झाला की भीती?

द्राक्षमणी
ताई, आमच्या पोरांना हा प्रश्न पुस्तक न वाचताच पडतो. गारा पडल्या त्या रात्री माझा पोरगा माझ्यामागे बॅटरी घेऊन बागेत फिरत होता. काही बोलला नाही, नुसता माझ्यामागे. अकरा वर्षांचा होता.

पण मास्तर, ती कादंबरी मी पण वाचली. जुलै महिन्यात घड काढणीला आलेत त्यात! एप्रिलला खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरला गोडी छाटणी घडांसाठी, एवढं कोणत्याही बांधावर विचारलं असतं तरी कळलं असतं. जुलैत आमच्या बागेत नुसती काडी असते, काडी. ज्याला बाग ठाऊक नाही तो आमचं मरण लिहिणार आणि तुम्ही त्यातून नीती शिकवणार. आधी छाटणी शिकवा.

मखमलाबादी मास्तर
जुलैचं मान्य. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जुना पंचवटीकर
'श्यामची आई'ची आणि आजच्या रडगाण्याची तुलना करू नका. ते संस्कारांचं पुस्तक आहे. श्याम पोहायला घाबरून लपला तेव्हा आईने शिंपटीने फोडून काढला. म्हणून घडला. आजच्या आया पोराला होमलोनचा आकडा सांगतात!

पाटीपेन्सिल
म्हणजे मारणं हा संस्कार, आणि दुःखाबद्दल वाचणं म्हणजे कुसंस्कार? धन्य.

जुना पंचवटीकर
आम्हाला वडिलांनी गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, ढकललं. पाठीला भोपळा, बस्स. दोन दिवसांत पोहायला लागलो. पुराच्या पाण्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीपर्यंत गेलेलो आहोत. ते पण पुस्तक वाचून नाही.

पाटीपेन्सिल
मलाही ढकललं होतं काका, तिथेच, गांधी तलावात. पंचेचाळीसचा झालो, अजून डोक्यावरून पाणी घेताना डोळे घट्ट मिटतो, श्वास धरतो. बायको हसते. तुम्ही पोहलात ते तुमचं कौतुक, माझं काय झालं ते कोण मोजणार? आणि भोपळा कसला, आम्हाला तेलाचा रिकामा डबा बांधायचे.

जुना पंचवटीकर
डबा सिडकोवाले बांधत असतील. गंगेवर भोपळाच.

पाटीपेन्सिल
माझा जन्म भद्रकालीतला आहे. सिडको काढू नका.

गोदाकाठ
डबाच. माझ्या मामाकडे अजून आहे, गंजलेला.

मखमलाबादी मास्तर
मंडळी, विषय पोहण्याचा नाहीये!

गोदाकाठ
आहे की, सर. ढकलायचं की हात धरून उतरवायचं, तेच तर चाललंय वर.

जुना पंचवटीकर
वा! जमवलंत. आता याच्यावर निबंध लिहा, दहापैकी नऊ देतील मास्तर.

सातवीची आई
टोमणे चालू द्या. माझं म्हणणं अजून तेच आहे, कुणीही न सांगता, न बोलता असलं पुस्तक दप्तरात टाकू नये. ज्यांनी दिलं त्यांनी ते स्वतः उघडून तरी पाहिलं होतं का, शंका आहे. यादीत नाव होतं, वाटलं.

पण एक सांगते. काल तिला म्हटलं, त्या मुलाने माफ करायला हवं होतं, नाही का गं? तर म्हणाली, "का? सावकाराने कुठे माफी मागितली?" मला उत्तर सुचलं नाही. कुकर लावायला आत गेले.

मखमलाबादी मास्तर
न बोलता दप्तरात टाकू नये, हे तुमचं बरोबर. शिक्षक म्हणून कबूल करतो, आम्हीही याद्याच वाटतो. पण ताई, तुम्ही पोस्टमध्ये 'बंदी' शब्द वापरला होतात, तो मी सभ्यपणे वर गाळला.

सातवीची आई
होता. रात्री दीडला जागं राहून बघा, तुम्हीही वापराल.

द्राक्षमणी
ताई, लेकीला घेऊन या बागेवर. छाटणीत या, ऑक्टोबरला. माझा पोरगा आता नववीत आहे, तो दाखवेल काडी कशी कापायची. आणि त्या लेखकाचा पत्ता मिळाला तर त्यालाही आणा.

सातवीची आई
ऑक्टोबरात सहामाही असते. दिवाळीच्या सुट्टीत चालेल?

द्राक्षमणी
फवारणी चालू असेल, पण या.

जुना पंचवटीकर
भोपळाच होता.