जुनी वेल्विया ५० की नवी? माझं मत जुनीलाच

डोंगरवेडा: १९९०ची फुजीक्रोम वेल्विया ही स्लाइड फिल्म (फुजीचा कोड आरव्हीपी) कच्चा माल मिळेना म्हणून बंद झाली आणि २००७ला आरव्हीपी५० नावाने परत आली, तेव्हा सगळे म्हणाले काही फरक नाही. फरक आहे! फ्रिजरमध्ये जपलेला जुना रोल काढला, कॅमेऱ्याला आलटूनपालटून लावायचे दोन फिल्म बॅक, लेन्स तीच, ट्रायपॉड हललेला नाही, दोन्ही रोल स्लाइड धुण्याच्या ई-६ प्रक्रियेच्या एकाच बॅचमध्ये धुतले. लाइटबॉक्सवर लूप (भिंग) लावून बघितलं तर जुन्यात खडकाखालच्या सावलीला जांभळट झाक आहे आणि शेवाळ असं काही पेटलंय की बस. नव्यात सावली नुसती काळी. स्वच्छ आहे पण जीव नाही.

पाचवास्टॉप: ती झाक फॉर्म्युल्याची नाही हो, वयाची आहे. फ्रिजर उष्णता थांबवतो, कॉस्मिक रेडिएशन नाही. निगेटिव्हवर फॉग, म्हणजे प्रकाश न लागताही येणारी धूसर झाक, चढला की घनता वाढते, स्लाइडमध्ये उलटं होतं, फॉग काळा खातो, आणि तिन्ही थरांत सारखा खात नाही म्हणून रंग येतो. तुम्ही दोन फिल्म नाही, एक ताजी आणि एक म्हातारी फिल्म तपासलीत.

डोंगरवेडा: ५० आयएसओची, म्हणजे प्रकाशाला मंद, फिल्म इतक्यात फॉग होत नाही, त्यासाठी ४०० लागते.

पाचवास्टॉप: कमी होते, होतच नाही असं नाही. बरं, प्रकाश मोजायचा मीटर किती आयएसओवर होता?

डोंगरवेडा: ४०. वेल्विया सगळे ४०वरच मारायचे.

पाचवास्टॉप: झालं मग! जुन्या रोलची सवय नव्यावर लादलीत, तिसरा हिस्सा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश गेला आणि स्लाइडमध्ये तेवढ्यानेही हिरवा फिकटतो.

मीटरबाबा: मध्येच बोलतो. मी नवी संध्याकाळी वापरतो, फुजीच्या तक्त्याप्रमाणे ४ सेकंदांच्या एक्स्पोजरला ५एम (हलका मॅजेंटा) फिल्टर आणि तिसरा हिस्सा स्टॉप जास्त, ६४ सेकंदाला तर ते नकोच म्हणतात. एवढं पाळलं की मला तक्रार नाही. माणसांचे चेहरे मात्र दोन्हींत टोमॅटोच. डोंगरवेडा, वाद कशाला घालताय, फ्रेमच्या बाहेरची कडेची पट्टी बघा ना. तिथे प्रकाश लागलेलाच नसतो, म्हणजे ती फिल्मचा सगळ्यात गडद काळा. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवा.

पाचवास्टॉप: हे आधी सुचायला हवं होतं मला.

डोंगरवेडा: बघितल्या. नवीची काळीकुट्ट. जुनीची पट्टी पण जांभळट आहे, थोडी. ठीक, सावलीचं म्हणणं मागे घेतो. शेवाळाचं नाही घेत, कारण १९९६ला ताज्या रोलवर काढलेल्या स्लाइड माझ्याकडे आहेत आणि त्यांच्यातही हिरवा असाच आहे.

पाचवास्टॉप: त्या पण ४०वर?

डोंगरवेडा: ...हो.