किल्ल्यातली सहाशेची खोली

तलावपाळीचा भटक्या

कालच परत आलो. सतरा दिवस, पाठीवर एकच सॅक. अहमदाबाद, भुज, धोळावीरा, जोधपूर, जैसलमेर. घर सोडल्यापासून घरी येईपर्यंतचा खर्च 21,400. प्रवासातला सगळ्यात खडतर टप्पा म्हणाल तर ठाणे ते बोरिवली, घोडबंदर रोडने, जाताना आणि येतानाही.

घरी, ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न: टूरबरोबर का नाही गेलास? म्हणून हा धागा. मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. जुनी ठिकाणं बघायची असतील तर टूरबरोबर जाऊच नये.

धोळावीराचंच घ्या, कच्छमधल्या हडप्पाकालीन शहराचे अवशेष. टूरवाले कच्छच्या रणातल्या तंबूंत दोन रात्री काढायला लावतात आणि धोळावीराला गाडी तासभर उभी करतात. मी भुजहून दुपारच्या एसटीने गेलो, अंधार पडल्यावर पोचलो, आणि सकाळी फाटक उघडलं तेव्हा आत शिरणारा पहिला माणूस होतो. धोळावीरा ज्या खदीर बेटावर आहे तिथे मनसर आणि मनहर असे दोन ओढे आहेत, वर्षातले थोडेच दिवस वाहणारे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी ते बांध घालून अडवले आणि गावाभोवती टाक्याच टाक्या केल्या. पूर्वेची टाकी सत्तर मीटरच्या वर लांब आहे, खाली उतरायला पायऱ्या. मी शेवटच्या पायरीवर जाऊन बसलो. कडेवरून एक शेळी माझ्याकडे बघत होती, बाकी कोणी नाही. तिथून वर मान केली की कळतं, एवढं पाणी साठवणाऱ्यांनी पावसावर किती अविश्वास ठेवला असेल. हे तासाभरात कसं कळणार?

आणि जैसलमेरला तर किल्ल्याच्या आतच खोली मिळाली, सहाशे रुपयांत. गच्चीवर झोपलो. 1156 सालचा किल्ला, खाली गल्लीत गाय, वर चांदणं. बाहेरच्या हॉटेलात उतरून सकाळी आत येणाऱ्यांनी फक्त भिंती पाहिल्या.

बोला आता.

गावदेवीची काकू

बोलते. आम्ही दोघं साठीच्या पुढचे. ह्यांच्या गुडघ्याची वाटी बदललीय. तुझ्या त्या दुपारच्या एसटीत आम्ही बसायचं आणि अंधारात अनोळखी गावात उतरून खोली शोधायची, असं म्हणणं आहे का? मग आम्ही जुनी ठिकाणं बघूच नयेत?

आता एक विचारते. जैसलमेरजवळ आकल म्हणून जागा आहे, बाडमेरच्या रस्त्याला सतराएक किलोमीटरवर. अठरा कोटी वर्षांपूर्वीचे झाडांचे ओंडके, दगड झालेले, उघड्या माळावर पडलेत. तिथे आज वाळवंट आहे पण तेव्हा जंगल होतं. तू गेलास? नसशीलच, कारण तिकडे सोयीची बस नाही. आमची टूरची गाडी गेली. आमच्यात एक निवृत्त भूगोलाच्या बाई होत्या, त्यांनी ओंडक्याजवळ उभं राहून असं काही समजावलं की गाईडसुद्धा गप्प ऐकत होता.

आणि हो, वाळवंटात रात्री गरम वरणभात मिळाला. त्याची लाज वाटत नाही मला.

तलावपाळीचा भटक्या

काकू, आकल खरंच राहिलं. एक गुण तुम्हाला. वरणभातावर मी काही बोललो नव्हतो.

घणसोली फास्ट

21,400 त खाण्याचं धरलंय का? की ती शेळी घेऊन आलास?

बाकी मुद्दा असा की ही सगळी पलीकडच्या आळीतली हौस आहे. अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलंस का कधी? शके 982 चं, म्हणजे 1060. नालासोपाऱ्याचा स्तूप? लोकलने होतं सगळं, सॅकसुद्धा लागत नाही.

तलावपाळीचा भटक्या

अंबरनाथ दोनदा. शेजारून वालधुनी वाहते, नाकाला रुमाल लावून बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघावी लागतात. सोपाऱ्यालाही गेलोय. घरचं बघितलं म्हणून बाहेरचं बघू नये, हा कुठला नियम?

नेरूळ पूर्व

पेशाने सिव्हिल इंजिनिअर आहे, त्यामुळे धाग्याच्या शेवटच्या परिच्छेदापाशीच अडकलो. टूर की सॅक यात मला रस नाही. त्या सहाशेच्या खोलीबद्दल बोलायचंय.

जैसलमेरचा किल्ला त्रिकूट टेकडीवर आहे आणि ती टेकडी पक्क्या काळ्या कातळाची नाही. वाळूचा दगड, मातीचे थर. आपल्या सह्याद्रीतले गड डोळ्यांपुढे आणून त्याचा विचार करू नका. भिंतीचे दगड बऱ्याच ठिकाणी चुन्याशिवाय एकावर एक बसवलेत. ज्यांनी बांधला त्यांचा हिशेब साधा होता: इथे वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आणि किल्ल्यातलं बरंचसं पाणी खालच्या गडीसर तलावातून डोक्यावरून वर येणार. हंडा मोजून वापरणार, म्हणजे सांडायला उरणारच नाही. कोरडा किल्ला, कोरड्या सवयींसाठी.

मग नळ आले. मग पर्यटक आले. मग प्रत्येक खोलीला बाथरूम, शॉवर, फ्लश. ते पाणी गळक्या गटारांतून टेकडीच्या पोटात जायला लागलं. मातीचा थर भिजला की फुगतो, सुकला की आक्रसतो, आणि वरच्या भिंतीला तडा जातो. 1990च्या दशकात बुरूज ढासळले. 1996 साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हा किल्ला घातला. 2013 ला युनेस्कोच्या यादीत आला तो राजस्थानच्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर, पण तिथली माणसं राहतात ती अशा खचत्या टेकडीवर.

गंमत बघा. हाच माणूस धोळावीराच्या पायरीवर बसून पाणी साठवणाऱ्यांचं कौतुक करतो, आणि चार दिवसांनी पाण्यानेच खचत चाललेल्या किल्ल्यात जाऊन आंघोळ करतो. कितीदा केलीस रे?

तलावपाळीचा भटक्या

रोज. दोन दिवस दोनदा. चाळीस डिग्री होतं हो.

पवनचक्की

इथे थांबवतो. जैसलमेरला पवनचक्क्यांच्या कामावर तीन वर्षं काढलीत, आता कासारवडवलीला असतो.

नेरूळकर, तुमचं भूशास्त्र बरोबर, पण किल्ल्यात तीन-चार हजार माणसं राहतात ती तुमच्या परिच्छेदात कुठेच नाहीत. माझा तिथला एक स्नेही, नाव नको, त्याची सातवी की आठवी पिढी आत राहतेय. घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो. त्यावर दोन मुलींचं शिक्षण झालं. तुमच्या बोलण्याचा अर्थ "आत राहू नका" असा होतो, तेव्हा त्याच्या घरी काय शिजायचं? बाहेरच्या ज्या मोठ्या हॉटेलात तुम्ही उतरणार, तिथे तरणतलाव असतो. ते पाणी काय ढगातून येतं?

आणि पर्यटक नाही आले म्हणून तिथल्या घरातला फ्लश कोरडा राहणार आहे का? सुनेला परत गडीसरवर हंडा घेऊन पाठवायचं?

आमच्या सोसायटीत रोज टँकर येतो. मोरबेसारखं स्वतःचं धरण असलेल्या नवी मुंबईकरांनी पाण्यावर जरा हळूच बोलावं.

नेरूळ पूर्व

मोरबे मध्ये आणू नका, ते वेगळं दुखणं आहे. आणि मी बाहेरच्या हॉटेलात उतरलो म्हणालो कधी?

तुमच्या स्नेह्याविरुद्ध माझं काही नाही. कुटुंब राहतं त्याचं पाणी आणि तीन खोल्यांचं पाणी यात फरक आहे. घरातला माणूस बादलीत भागवतो. उन्हातून आलेला पाहुणा शॉवरखाली दहा मिनिटं उभा राहतो, आणि सहाशे दिले म्हणून आपला हक्क समजतो. तरणतलावाचं पाणी वाया जातं हे मान्यच, पण ते पायाखालची टेकडी पोखरत नाही. प्रश्न पाणी किती याचा नाही, ते कुठे मुरतं याचा आहे.

पवनचक्की

मग गटारं नीट करा म्हणा ना. माणसं का हाकलता? पाहुणे गेले की घरं बंद पडतात, आणि बंद घराची गळकी पाइप बघायलाही कोणी उरत नाही. ते मी तिथे पाहिलंय. कुलूप लावलेल्या हवेलीच्या भिंतीला ओल होती, आणि शेजाऱ्याकडे किल्ली नव्हती. मालक सुरतेला.

सॅकवाली सानपाडा

दोघांचं होऊ द्या, मी मूळ विषयावर येते.

"गच्चीवर झोपलो" हे वाक्य वाचून मला हसूच आलं. मीही एकटी फिरते, जोधपूर आणि जैसलमेर दोन्ही केलंय. गच्चीवर एकटीने झोपायचं धाडस माझ्याकडून होणार नाही. मला आतून लागणारी कडी हवी, रिसेप्शनवर बाई असली तर उत्तम, रात्री पोचणारी एसटी तर नकोच. त्यामुळे माझे सतरा दिवस 21,400 त बसत नाहीत. माझे पैसे जातात दिवसाउजेडी पोचण्यावर. तुझ्या हिशेबात तो खर्चच नाही, कारण तुला तो करावाच लागत नाही.

तरी टूरबरोबर जाणार नाही. अहमदाबादला सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत पोळांमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवस्त्यांमधून, चालत नेतात, महापालिकेचा जुना उपक्रम आहे, 1997 पासूनचा. मी ते चालले आणि मग दुपारभर एकटीच त्याच गल्ल्यांत परत हिंडले. एका पोळातल्या आजींनी घरात बोलावून चौकातलं झाकण उचलून दाखवलं. खाली टांकं. पावसाचं पाणी छपरावरून थेट त्यात. वाकून "ओ" म्हटलं की आवाज परत येतो. आजींनी ते मला तीनदा करायला लावलं. टूरच्या गाडीतून हे झालं नसतं, एवढं भटक्याचं बरोबर.

गावदेवीची काकू

हे मात्र छान. आम्हाला अहमदाबादला आश्रम दाखवला आणि खरेदीला सोडलं. टांकं नाही दाखवलं.

(ती खरेदी तीन तास चालली. एका दुकानात. तेवढं मी टूरवाल्यांना ऐकवलंय.)

घणसोली फास्ट

म्हणजे काकू फुटल्या.

गावदेवीची काकू

फुटले नाही. पुढच्या वेळी टूरबरोबरच जाणार, पण खरेदीच्या तीन तासांत पळून जाणार.

तलावपाळीचा भटक्या

रात्रभर वाचतोय. थोडं मागे घेतो, सगळं नाही.

सानपाडा, तुझा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता, हे कबूल. रात्री साडेनऊला धोळावीराला उतरलो तेव्हा मला फक्त भूक लागली होती, भीती नाही. त्याचे पैसे लागतात हे आज कळलं.

टूरवर मात्र ठाम आहे. भुजचा हमीरसर तलाव भरून वाहायला लागला की गावाला सुट्टी देतात, लाडू करतात. हे मला चहाच्या टपरीवर कळलं, टपरीवाल्याने तलावाकडे पाठ करून उभ्या माणसाला वळवून दाखवावं तसं दाखवलं. तलावांचं शहर म्हणवणाऱ्या ठाण्याचा मी, आमचा मासुंदा भरला की पंप लावतात. टूरच्या गाडीत ही टपरी येत नाही.

आता खोली. नेरूळकर, तुम्ही लिहिलंत ते मला तिथे असताना माहीत नव्हतं. पवनचक्की, तुमचंही पटतं. माझा मालक पन्नाशीचा, स्वतः चहा आणून द्यायचा, गच्चीवरून कुठला बुरूज कुठला ते सांगायचा. त्याच्याकडे उतरलो याचा पश्चात्ताप होत नाही. पुन्हा गेलो तर त्याच्याकडेच जेवेन आणि झोपायला खाली गावात जाईन, असं आत्ता तरी वाटतंय. पैसे तेवढेच देईन.

पवनचक्की

हे झोपणं-जेवणं वेगळं करणं मला तरी शहरी माणसाचं समाधान वाटतं. त्याला खोलीचे सहाशे मिळतात, जेवणाचे दोनशे. हिशेब कर.

नेरूळ पूर्व

मग आठशे दे जेवणाचे. पण आधी त्याला एक साधी गोष्ट विचार. त्या बाथरूमचं पाणी जातं कुठे?

तलावपाळीचा भटक्या

विचारलं. नंबर होता, सकाळीच मेसेज टाकला. लगेच आवाजी निरोप आला, मागे मोर ओरडतोय: "भैया, नाली में जाता है, और कहाँ!" आणि कधी येताय पुन्हा, असं.

नेरूळ पूर्व

आणि नाली?

तलावपाळीचा भटक्या

तेही विचारलं. दोन तास झाले, निळ्या टिका दिसतायत.