तसबीर केवढी?

पडद्यामागचा: आमचं मंडळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ बसवतंय. प्रॉपर्टीचं, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंचं, काम माझ्याकडे. संहितेत ‘तसबीर’ वाचलं आणि दीड फुटी, सोनेरी चौकटीची, काच लावलेली घेऊन आलो. तालमीत रेवतीला घेरी आली, फाल्गुनरावानं तिला सावरलं आणि तिच्याजवळची तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची, तसबीर धाडकन खाली. काच फुटली ते सोडा. दिग्दर्शक म्हणाले, “एवढं धूड घेऊन बाई हिंडत होती का? तसबीर मुठीत मावते!” आमच्याकडे तर तसबीर म्हणजे खिळ्याला टांगलेली. बरोबर कोण?

आजोळची: तुम्हीच. आमची आजी देवाच्या आणि गेलेल्या माणसाच्याच फोटोला तसबीर म्हणायची. माझा लग्नातला फोटो बघून मामा म्हणाला, “तसबीर छान आलीय हो.” तर आजी कडाडली, “जित्या पोरीला हार घालतोस का रे मेल्या?” आश्विनशेठ तर चांगला धडधाकट आहे.

जुनी_पोथी: आजींचा अर्थ नंतरचा. शब्द अरबी. ‘तसवीर’ आणि ‘सूरत’ एकाच धातूतले. नवाबाचा आपण नबाब केला, तसंच हे. अर्थ फक्त कुणाचं तरी रूप उतरवलेलं. चौकट, काच, खिळा त्यात कुठेच नाही. शिवाय ही गोष्ट फ्रेंच नाटककार मोलियरच्या १६६०च्या प्रहसनातून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात (१७६१) आणि तिथून देवलांकडे आली. तिकडे प्रियकराचं चित्र जवळ बाळगण्याइतकं चिमुकलंच असे. दिग्दर्शक बरोबर.

रंगीत_ठसा: मग ती भिंतीवर कशी चढली? माझा तर्क, पुरावा मागू नका: १८९४ मध्ये रविवर्म्यांचा छापखाना निघाला, लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. नुसता कागद भिंतीवर टिकेना, म्हणून चौकट आली. तिथून तसबीर म्हणजे चौकटीसकट.

शुद्धमती: ‘छबी’ असताना अरबीची उसनवारी कशाला? आधीच्या गद्य नाटकाच्या नावात ‘तसबिरीचा घोटाळा’ होतं. १९१६ला संगीत झालं तेव्हा देवलांनीच ते काढून अस्सल संस्कृत ‘संशयकल्लोळ’ ठेवलं. यातून काय ते समजा.

रंगीत_ठसा: नावातून काढलं, पण नाटकात फाल्गुनरावाला बायकोच्या, कृत्तिकेच्या, हातात परक्याची ‘छबी’ सापडली असं कुठे केलं? फाल्गुनरावाचं डोकं तसबिरीनंच फिरतं.

तुळजापूरकर: ‘कल्लोळ’ निघालाच आहे म्हणून. लोक त्याचा अर्थ गोंधळ करतात. आमच्या गावच्या देवळात कल्लोळ तीर्थ आहे, भाविक तिथे आंघोळ करून आईच्या दर्शनाला जातात. कल्लोळ म्हणजे मोठी लाट. संशयाच्या लाटांवर लाटा!

आजोळची: काहीतरीच काय! ‘पोरांनी नुसता कल्लोळ मांडलाय’ यात कसल्या लाटा? कल्ला वाढला की कल्लोळ.

शुद्धमती: ताई, कल्ला वेगळा, कल्लोळ वेगळा. आवाज सारखा म्हणून सोयरीक जुळत नाही.

तुळजापूरकर: आणि ‘गोंधळ’ तरी मूळचा गोंधळ कुठे होता? तो आमचा विधी. संबळ-तुणतुण्याचा आवाज ऐकून शहरातल्यांनी त्याचा गोंधळ केला.

रंगीत_ठसा: घोटाळ्याचंही तेच. आज ‘तसबिरीचा घोटाळा’ अशी जाहिरात लावली तर लोक म्हणतील, सरकारी कचेऱ्यांतल्या तसबिरींच्या खरेदीत कुणीतरी पैसे खाल्ले.

जुनी_पोथी: जाता जाता, पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं आहेत, हे लक्षात आलं का? कृत्तिका कार्तिकाची. ती फाल्गुनरावाच्या गळ्यात बांधल्यावर घरात दुसरं काय होणार!

पडद्यामागचा: मंडळी, रविवारी प्रयोग आहे हो. पोस्टकार्डाएवढा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलाय. दिग्दर्शक खूश. पण मागच्या रांगेतून आमच्याच माणसानं विचारलं, “तिच्या हातात बिस्कीट आहे का?” मधला काही मार्ग?

आजोळची: मामाला आत्ताच फोन केला. तोही म्हणतो, कल्लोळ कल्ल्यावरूनच.

शुद्धमती: मामा संस्कृत शिकलेत का?

आजोळची: मामांवर जायचं काम नाही.