खालच्या दाढेचा ब्लॉक लागतच नाही, चुकतंय कुठे?

वैनगंगा:
बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ओरल सर्जरीचं पोस्टिंग चालू आहे. वरच्या दातांना भूल देता येते, पण खालचा ब्लॉक (खालच्या जबड्याची नस बधिर करणारं इंजेक्शन) काही केल्या लागत नाही. मंगळवारी पन्नाशीच्या एक मावशी आल्या होत्या, डावीकडची खालची पहिली दाढ काढायची होती. २ मिली लिग्नोकेन (भुलेचं औषध) दिलं, पाच मिनिटं थांबले. ब्लॉक लागला की ओठ बधिर होतो, म्हणून ओठाचं विचारलं तर म्हणाल्या, "आहे तसाच आहे." परत २ मिली दिलं, तरी तेच. शेवटी सर आले, त्यांनी एकदाच सुई घातली आणि चार मिनिटांत ओठ जड पडला.

दुसऱ्यांदा टोचताना मावशींनी खुर्चीचा हात इतका गच्च धरला होता की काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या. जाताना उलट मलाच म्हणाल्या, "घाबरू नको पोरी, येईल तुला." त्या दिवसापासून मनातून जातच नाही.

अंगठा कोरोनॉइड नॉचमध्ये (जबड्याच्या हाडाच्या पुढच्या कडेच्या खोबणीत) ठेवते, सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर (सुळा आणि दाढेच्या मधल्या दातावर). सुई २६ गेजची, दीड इंची. हाड लागतं, पण तेव्हा निम्मी सुईसुद्धा आत गेलेली नसते. हाड लागलं म्हणजे जागा आली असं समजून औषध सोडते. हात थरथरतो तो वेगळाच. कोणी नीट सांगेल का?

मोहर:
तुझं उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे. निम्मी सुई जायच्या आत हाड लागलं म्हणजे तू फार पुढे आहेस. नर्व्ह हाडात शिरते ते भोक अजून मागे आहे, आणि औषध त्याच्या अलीकडेच सांडतंय. मोठ्या माणसात साधारण २० ते २५ मिमी आत गेल्यावर हाड लागायला हवं. दीड इंची सुई ३८ मिमीची, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश आत.

असं लवकर हाड लागलं की सुई पूर्ण बाहेर काढू नकोस. किंचित मागे घे, सिरिंज प्रीमोलरवरून पुढच्या दातांकडे, सुळ्यापर्यंत आण, आणखी आत जा आणि मग सिरिंज परत प्रीमोलरवर ने. आता लागेल ते हाड खरं. तिथून १ मिमी मागे ये, ॲस्पिरेट कर (दट्ट्या मागे ओढ), रक्त नाही ना बघ, मग सोड. याउलट, २५ मिमी जाऊनही हाड लागलं नाही तर औषध मुळीच सोडू नकोस. तिथे मागे पॅरोटिड ही लाळग्रंथी आणि चेहरा हलवणारी फेशिअल नर्व्ह असते, तिथे औषध गेलं तर त्या बाजूचा चेहरा काही तास लुळा पडतो. पेशंटच्या घरचे किती घाबरतात ते मी पाहिलंय.

उंचीही तपास. खालच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीपेक्षा सुई ६ ते १० मिमी वर हवी. खाली राहिली तर लिंग्युला (त्या भोकापुढचा हाडाचा उंचवटा) आडवा येतो आणि औषध पोचत नाही.

माझ्या दवाखान्यात मी "बधिर झालं का?" असं विचारत नाही, कारण घाबरलेला माणूस लवकर सुटका व्हावी म्हणून "हो" म्हणून टाकतो. मी विचारतो, "ओठ कसा वाटतोय?" "सुजल्यागत", "जाड झालाय" असं आपणहून आलं की माझी खात्री पटते. तरी हिरडीला प्रोबने (टोकदार अवजाराने) टोचून बघतोच. आणि दाढेच्या गालाकडच्या हिरडीला लाँग बक्कल नर्व्हचं इंजेक्शन वेगळं द्यावंच लागतं, हे विसरू नकोस.

काजळमाया:
मी इंटर्न आहे, मलाही हाच त्रास होता. ॲनाटॉमी विभागातून कोरडा मँडिबल (खालच्या जबड्याचं हाड) मागून घे. हाडावर सुई धर आणि लिंग्युला कुठे येतो ते स्वतःच्या बोटाने चाचपून बघ. मी तो घेऊन एक तास बसले, तेव्हा कुठे चित्र डोक्यात बसलं. हात थरथरतो कारण तो हवेत असतो. करंगळी पेशंटच्या हनुवटीवर टेकव. आणि तोंड पूर्ण उघडंच ठेवायला सांग. पेशंट नकळत मिटत आणतात आणि नर्व्ह हाडापासून दूर जाते.

सातपुडा:
हळू सोड, १ मिली म्हणजे निदान एक मिनिट. घाईने सोडलं की तेच जास्त दुखतं. डोसाचा हिशेबही डोक्यात असू दे. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलीत २० मिग्रॅ. ॲड्रेनलिनसकट ७ मिग्रॅ प्रति किलो ही मर्यादा, एकूण ५०० च्या वर नाही. मावशींना तुझे ४ मिली म्हणजे ८० मिग्रॅ गेलं, काळजीचं कारण नव्हतं. पण लहान मुलात असंच परत परत देत राहिलीस तर मर्यादा फार लवकर येते. आणि सुईला टोपण दोन्ही हातांनी लावू नकोस. टोपण ट्रेमध्ये ठेवून एका हाताने सुईनेच उचल.

वैनगंगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मँडिबल मागितला, सरांनी लगेच काढून दिला. मी मानत होते त्यापेक्षा ते भोक खूपच मागे आहे, हे हातात धरल्यावर कळलं. आज एका काकांना दिलं. आधी लवकरच हाड लागलं. थांबले, सिरिंज सुळ्यावर आणली, आत गेले, परत प्रीमोलरवर नेली. यावेळी जेमतेम एक तृतीयांश सुई बाहेर होती. ॲस्पिरेट केलं, घड्याळ बघत सोडलं. चौथ्या मिनिटाला काका म्हणाले, "इकडचा ओठ माझा वाटंनाच." प्रोब लावला, त्यांनी डोळासुद्धा मिटला नाही. मावशींना टाके काढायला सोमवारी बोलावलंय. मी त्या दिवशी मुद्दाम ओपीडीत थांबणार आहे.